बाण

आदरणीय (हे निव्वळ सवयीने) सर,

हे पाठवणार नाहीच. तुम्ही काही नीट वाचता कुठे?

काल निरोप समारंभात सगळे भूगर्भशास्त्रातल्या तुमच्या अभ्यासू नजरेचं कौतुक करत होते, तेव्हा मला हसू आवरेना. तुमचा तो प्रसिद्ध दगड डोंगरावरून मी आणला होता. डोंगरात त्याची वरची बाजू कोणती होती, ते दाखवणारा बाण मी त्याच्यावर घाईत उलटा काढला. आठवड्याने चूक कळली, सांगायला आले, तर तुम्ही म्हणालात, "आधी चहा सांग." मग मीही गप्प बसले.

त्या उलट्या दगडावर सिद्धांत रचून तुम्ही वीस वर्षं व्याख्यानं झोडलीत. दगड मात्र एकदाही हातात घेतला नाहीत.

आज तुमच्या खुर्चीत मी बसले. एका विद्यार्थिनीने टेबलावरचा दगड उचलून विचारलं, "मॅडम, हा बाण उलटा आहे का?"

मी तिला चहा सांगायला पाठवलं.

तुमचीच,
पट्टशिष्या