जांभळ्या वेलीवरचा शेरा

४ मार्च
दादाच्या वेलीची फाइल माझ्याच टेबलावर! 'शोभेचं रोप' की 'तण', हे तपासून मी शेरा मारायचा. साहेबांना म्हटलं, सख्ख्या भावाचं रोप आहे, दुसऱ्या कुणाला द्या. म्हणे, दुसरं आहे कोण? खरंच नाही. दोन खुर्च्या वर्षभर रिकाम्या आहेत.

वेल देखणी, हे कबूल. जांभळे घोस बघून माणसं रस्त्यात थांबतात. दादाने दोन हजार रोपं करून ठेवलीत, स्वतःच्या रोपवाटिकेतली जुनी झाडं काढून. विक्रीच्या परवानगीच्या आधीच! शेरा 'तण' पडला तर सगळी जाळावी लागतील. एवढी घाई कुणी सांगितली होती?

९ मार्च
पाहणीला गेले. तीन दिवस आधी कळवायचं असा नियम, म्हणून कळवलं होतं. वेलींखाली जमीन लख्ख. एवढं बी गळतं आणि खाली एक रोप नाही? दादा म्हणाला, बी पोकळ असतं. माझ्याकडे बघेना.

कुंपणापलीकडच्या नाल्यात मात्र अकरा रोपटी. मोजली मी. म्हणे कुणीतरी फांद्या टाकल्या असतील, त्या रुजल्या. फांदीला बीजदलं, बीतून फुटणारी ती पहिली पानं, कुठून येतील? मला शिकवतोय! बी कसं पेरायचं हे लहानपणी यानेच दाखवलं, म्हणून तर जास्त संताप.

१० मार्च
ऑफिसात ट्रेमध्ये दोनशे बिया पेरल्या.

२२ मार्च
आईचा फोन. "त्याने शाळा सोडली म्हणून तू शिकलीस. विसरू नकोस."

विसरतंय कोण! तीस वर्षं हेच ऐकतेय. तण ते तण. त्याला माझ्या शाळेशी काय देणंघेणं?

७ एप्रिल
चार आठवडे झाले. दोनशेतल्या तीन उगवल्या. साहेब खूश — चारपेक्षा कमी उगवल्या तर वेल वांझ धरायची, असं नियमात आहे. वांझ म्हणायचं आणि तीन पोरं मोजायची! नाल्याचं विचारलं, तर नाला रोपवाटिकेच्या हद्दीत येत नाही म्हणाले. नुसता होयबा आहे हा माणूस.

८ एप्रिल
महिनाभर दादाचा एक फोन नाही. निदान भांडायला तरी करावा! आईला पुढे करून स्वतः गप्प.

११ एप्रिल
सही केली. 'शोभेचं रोप. धोका नाही.' अहवालातला नाल्यावरचा परिच्छेद मीच खोडला. कुणी हात धरला नव्हता माझा. नंतर दिवसभर दिसेल त्याच्यावर खेकसले. शिपायाने चहा आणून ठेवला, तर त्याच्यावरही. लाज वाटते.

१२ एप्रिल
सकाळीच दादा दारात. वाटलं, आभार मानायला आला. आत ये म्हटलं, आला नाही. उभ्याउभ्याच बोलला. वर्षभर रोज नाल्यात उतरून रोपटी उपटतोय, पार पुलापर्यंत. तरी येतातच. गुडघे गेले. पण त्या दोन हजार कुंड्या समोर दिसायच्या, आणि स्वतःच्या तोंडाने 'तण आहे' म्हणवेना.

"मला वाटलं होतं, तू तरी नाही म्हणशील."