डाव्या बुटांच्या मैदानाची पुढील व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कपडे धुलाई, येथील लहान मुलांच्या बेसबॉल मंडळाची पहिल्या दिवसापासूनची चिटणीस, आज पूर्ण शुद्धीत, कोणी न सांगता आणि बरेच जण नको म्हणत असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी नव्या हंगामाचा पहिला सामना आहे. या दोहोंपैकी सामन्याची तयारी अजून पुरी झालेली नाही, म्हणून हा खटाटोप.

माझे डोके ठिकाणावर आहे ना, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि पाठोपाठ हंगामाचे वेळापत्रक सांगायला घेतले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोचल्यावर त्यांनी "पुरे, पुरे" म्हणत दाखल्यावर सही केली. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते. याआधी मी एकही केलेले नाही, परंतु वकीलबाई म्हणतात की हे वाक्य असावेच लागते.

कलम १. राहते घर, त्यातील सामानसुमानासह, माझ्या मुलास द्यावे. तो हिशेबतपासनीस आहे, दूर राहतो, आणि फोनवर त्याचे पहिले वाक्य "आई, त्या मागच्या जागेचं काय ठरवलंस?" हे असते. घराचे ठरवले आहे. जागेचे पुढे येईल, त्याने एकदम खाली उडी मारू नये. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तो दुरुस्त करणारा माणूस गावात एकच आहे आणि त्याच्याशी घासाघीस करू नये. मुलगा वाईट नाही. लहानपणी तो दुसऱ्या बेसवर उभा राहायचा आणि चेंडू आला की अदबीने बाजूला व्हायचा. त्यावरून मी त्याला कधी बोलले नाही, आताही बोलत नाही.

बँकेत जे असेल ते माझ्या लेकीचे. तिला ठाऊक आहे की ते फार नाही, आणि तिने कधी विचारलेही नाही, म्हणून तिचे.

कलम २. धुलाईचे दुकान, दोन्ही यंत्रे, टेबले आणि गिऱ्हाइके इस्त्रीवाल्या काकांना द्यावीत. ते माझ्याहून लहान आहेत, पण सगळे त्यांना काका म्हणतात म्हणून मीही म्हणते. अट अशी की मंडळाचे गणवेश दर सोमवारी फुकट धुवायचे आणि अभ्रे यंत्रात टाकण्याआधी उलटे करून बघायचे. अभ्र्यांचा खुलासा पुढच्या कलमात आहे. तो वाचला जात असताना काका छताकडे बघतील, त्यांना बघू द्यावे.

कलम ३. दुकानात टाकून गेलेले, कोणीही न्यायला न आलेले उशांचे अभ्रे ही मंडळाची सर्वात मोलाची मालमत्ता आहे. याचे कारण लिहून ठेवणे भाग आहे, नाहीतर माझ्यामागे कोणीतरी त्यांची फडकी करील.

दुकानामागची जागा पूर्वी चादरी वाळत घालण्याची होती. वाळवणीची यंत्रे आली, दोऱ्या गेल्या, खांब तेवढे राहिले, आणि मुले चेंडू घेऊन आली. आमच्या ह्यांनी, तेव्हा ते होते, खांबांवर पिवळा रंग मारला आणि ते मैदान झाले. पहिल्या वर्षी दोन दांडगी मुले समोरासमोर उभी राहून एकेक गडी निवडत. शेवटी एक मुलगी उरे. तिला कोणीच हाक मारत नसे. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसे, आणि ती नाडी सुटलेली नसे, हे मी खिडकीतून बघत होते. चौथ्या रविवारी मी इस्त्री तशीच ठेवून बाहेर गेले आणि सगळ्यांना डावा बूट काढायला लावला. (ती मुलगी आता वकील झाली आहे आणि समोर बसून हे टंकलिखित करते आहे. ती म्हणते, हा मजकूर कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक आहे. मी म्हणते, राहू दे.)

तेव्हापासून संघ असे ठरतात. प्रत्येक मूल आपला डावा बूट ढिगात टाकते, प्रशिक्षक आळीपाळीने एकेक बूट उचलतात, आणि ज्याचा बूट निघेल तो त्या प्रशिक्षकाचा गडी. ते मूल लंगडी घालत आपल्या संघाकडे जाते. पहिले कोण आणि शेवटचे कोण, हे बुटालाच ठाऊक. पुढे प्रशिक्षक शहाणे झाले. चांगल्या पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, बूट कोणता, ते आदल्या दिवशीच हेरून ठेवू लागले. म्हणून एकेक बूट एकेका अभ्र्यात घालून तोंड बांधायची पद्धत पडली. त्याच वर्षी काकांना दारात अभ्र्यांचा ढीग दिसला आणि त्यांनी तो इमानेइतबारे धुवायला टाकला. बुटांसकट. हंगामाचा पहिला सामना सगळ्या मुलांनी एक पाय ओला ठेवून खेळला. प्रशिक्षकांची एकही तक्रार आली नाही, कारण त्यांचेही बूट त्यात होते. ते का होते, हे मी विचारले नाही.

कलम ४. कपाटाच्या तळाशी तपकिरी कागदात गुंडाळलेला एक गणवेशाचा सदरा आहे. उजव्या कुशीवर मातीचा लांब डाग. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी मुद्दाम न धुतलेला हा एकच कपडा. तो नळवाल्यांना द्यावा.

नळवाले म्हणजे गावातले नळदुरुस्तीवाले, ह्यांचे मित्र, माझे एकेकाळचे मानलेले भाऊ. चुन्याच्या रेषा मारायची गाडी त्यांनीच जुन्या नळीला बाबागाडीची चाके लावून बनवली. आमचे बोलणे बंद आहे ते सहा हंगामांपूर्वीच्या अंतिम सामन्यापासून. माझी नात, जिला सगळे भिंगरी म्हणतात, तिसऱ्या बेसवरून घराकडे धावत सुटली. घर म्हणजे जमिनीत बसवलेली पाचकोनी रबरी पाटी. पाटीमागच्या कॅचरने अंगाला चेंडू टेकवण्याआधी पाटीला पाय लागला तर धाव, नाहीतर आउट. ती धाव मिळाली असती तर चषक तिच्या संघाचा. भिंगरीने लांबून घसरत पाय पुढे टाकला, धूळ उडाली, आणि नेहमीचे अंपायर आजारी असल्यामुळे त्या दिवशी तिथे उभे असलेले नळवाले म्हणाले, "आउट."

मी तिसऱ्या बेसमागच्या खुर्चीवर होते. तिथून सगळे स्वच्छ दिसते.

"भाऊ, नीट बघा."

"वहिनी, नीटच बघितलं. आउट."

"तिचा पाय आधी लागला."

"पाय लागला. चेंडू आधी लागला."

हे आमचे शेवटचे सरळ बोलणे. त्यानंतर आम्ही दर रविवारी एकाच बाकावर बसतो, मध्ये मेडिकलवाले बसतात. "त्यांना म्हणावं, तिसऱ्या बेसची पिशवी उसवलीय." "त्यांना म्हणावं, मला दिसतंय." मेडिकलवाले दोन्हीकडे मान वळवून तेच पुन्हा म्हणतात, जसे काही आम्ही दोघे बहिरे आहोत. मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे त्या मधल्या जागेमुळेच आले.

भिंगरीला मी त्याच संध्याकाळी विचारले होते, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "आजी, मी डोळे मिटले होते." ही साक्ष मी ग्राह्य धरलेली नाही. सदऱ्यावरचा डाग बघावा. जी मुलगी इतक्या लांबून घसरत आली, ती वेळेत पोचली नसेल हे मला पटत नाही. भिंगरीला मी माझा ग्लव्ह ठेवते. तिच्या हातापेक्षा तो मोठा होता, आता बरोबर बसेल.

कलम ५. आता मैदान. हे कलम सावकाश वाचावे.

मुलाचे म्हणणे, तिथे मोटारी उभ्या करायची सोय करावी, आजूबाजूला सगळ्यांना गरज आहे. गरज आहे, हे खरे. मेडिकलवाल्यांचे म्हणणे वेगळे. ते मला मागच्या बैठकीत म्हणाले, "बाई, अभ्रे-बिभ्रे आता पुरे झाले. नवा हंगाम चाचणी घेऊन सुरू करू. चांगली चांगली मुलं निवडू, एकच तगडा संघ करू, बाहेर नेऊ, चषक आणू."

"आणि बाकीची?"

"बाकीची टाळ्या वाजवतील की."

त्यांच्या मनात खोट नाही. मंडळाच्या कपाटात चषक नाही, याचे त्यांना मनापासून वाईट वाटते, मलाही वाटते. पण मी टेबलावर पडल्यावर माझ्या बाजूने हात वर करणारे कोण, हा विचार गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. शस्त्रक्रियेची मला भीती वाटते. त्याहून जास्त भीती ही वाटते की त्या रविवारी कोणीतरी मूल पुन्हा वाकून न सुटलेली नाडी बांधत बसेल, आणि खिडकीत कोणी नसेल.

म्हणून दुकानामागची सबंध जागा, खांब, बाक, बॅटा, गाडी आणि अभ्रे यांसह, मी नळवाल्यांच्या नावे करते. मंडळाचा कारभारही त्यांनीच बघावा.

वकीलबाईंनी हात थांबवून विचारले, "मावशी, नक्की? ज्यांचं तोंड बघत नाही, त्यांना?" नक्की. त्या दिवशी भिंगरीच्या संघाचा पिचर म्हणजे नळवाल्यांचा सख्खा नातू होता. भिंगरीची धाव म्हणजे त्याचाही चषक होता. नुसते हात आडवे करून "सेफ" म्हटले असते, तर सगळे मैदान नाचले असते, मी सर्वात आधी. नातू पुढे किती दिवस आजोबांच्या घरी जेवायला गेला नाही. नळवाल्यांनी कोणाचा बूट आहे ते पाहिलेच नाही. त्यांना चुकीचे दिसले, ही गोष्ट निराळी. पण जे दिसले तेच ते बोलले, आणि माझ्या माहितीत तसा माणूस दुसरा नाही. मी स्वतः धरून.

अटी पुढीलप्रमाणे. संघ अभ्र्यांतूनच पाडावेत. चाचणी घेऊ नये, तिला दुसरे कोणतेही नाव देऊनही घेऊ नये. अभ्रे उघडून झाल्यावर धापा टाकत येणाऱ्या मुलालाही घ्यावे, बूट विसरला असेल तरी. मुलाला मोटार उभी करायची असेल तर सामना नसलेल्या दिवशी करू द्यावी, तो घरचाच आहे. मैदानावर नळवाल्यांचा निर्णय अखेरचा मानावा. याला अपवाद एकच, आणि तो कलम चारमध्ये दिलेला आहे.

कलम ६. मेडिकलवाल्यांना मी काहीही ठेवत नाही. यात आकस नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये असा नियम आहे, आणि मला त्यांची सही हवी आहे. शिवाय अभ्र्यांच्या बाजूने त्यांची सही मिळवायचा दुसरा मार्ग मला सुचला नाही. मधली जागा मात्र त्यांचीच राहील.

सही करण्यापूर्वी घडलेला प्रकार वकीलबाईंच्या सल्ल्याविरुद्ध येथे जोडते.

साक्षीदार लागणार आहेत हे मेडिकलवाल्यांकडून कळल्यावर नळवाले आपणहून आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात स्वतःचे पेन. इस्त्री आमच्या दुकानातली नव्हती. वकीलबाईंनी त्यांना दारातच थांबवले आणि म्हणाल्या, "तुम्हाला सही करता येणार नाही."

"का? मला लिहिता येतं."

"कारण सांगता येत नाही."

ते बाहेर बाकावर जाऊन बसले. मला खिडकीतून पाठ दिसत होती. बराच वेळ ते पेनचे टोपण उघडझाप करत राहिले. मग थांबले. त्यांना उलगडले असावे. ते उठून आत आले, मेडिकलवाल्यांच्या खुर्चीला वळसा घालून थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "मला काय ठेवायचं ते ठेवा. पण ती आउटच होती."

मेडिकलवाले सवयीने माझ्याकडे वळून म्हणाले, "ते म्हणतायत, ती आउटच…"

"ऐकलं मी," मी म्हणाले.

नळवाले दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "हंगाम सुरू व्हायच्या आत घरी या. रेषा मी एकटा मारणार नाही. तिरक्या झाल्या तर सांगायला कोण आहे?"

हे ऐकून मला रडू आले, ते लपवण्याचे कारण नाही. वकीलबाईंनी विचारले, कलम पाचमध्ये काही बदल करायचा आहे का. काही बदल करायचा नाही. उलट वर जे लिहिले आहे त्याला आता पुरावा मिळाला.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी त्यावर सही करत आहे.

ठिकाण: धुलाईच्या दुकानामागील खोली, खिडकीजवळचे टेबल.

दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, सकाळ. मैदान कोरडे.

साक्षीदार पहिले: डॉक्टर. (सही)

साक्षीदार दुसरे: मेडिकलवाले, अध्यक्ष. (सही, कलम पाच दोनदा वाचून, सुस्कारा टाकून.)

लिहून ठेवणार: चिटणीस. (सही)

ता. क. ती सेफ होती.