मागच्या सीटवरचं कोर्ट

९ डिसेंबर, सोमवार

गाडी मिळाली! लंबूच्या मावशीची. डावा आरसा चिकटपट्टीवर उभा आहे, पण चालतेय. शुक्रवारी निघायचं. लंबू चालवणार, वकीलबाई शेजारी बसून त्याला शिकवणार, मी मागे बॅगांबरोबर. डॉक्टरच्या कॉलेजच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, त्याला उचलायचं आणि सरळ धरणावर. शाळा सुटल्यापासून चौघं पहिल्यांदाच एकत्र. मला आत्तापासून झोप लागेना.

(मराठीत लिहितेय, म्हणजे रूममेटला वाचता येणार नाही. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.)

डॉक्टर अजून डॉक्टर झालेला नाही, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण त्याचे बाबा तो सातवीत असल्यापासून त्याला ‘बोला डॉक्टर’ म्हणतात. मग आम्हीही म्हणायला लागलो.

११ डिसेंबर

आईचा फोन. ‘त्याला कळवलंय का?’ म्हटलं, अगं सरप्राइज आहे. म्हणाली, ‘त्याला काही कामं असतील, परीक्षा असेल.’ हिला मजा म्हणून कळत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

अर्धा रस्ता झाला. लॉजवर आहोत, उशीला तेलाचा वास.

गाडीत कोर्टाचा विषय निघाला. स्कूल बसच्या शेवटच्या सीटवर आमचं रोज कोर्ट भरायचं. मधे बसवलेला तो आरोपी. आरोप ठेवणार वकीलबाई. ते नाव तेव्हाचंच, आता खरंच लॉ करतेय. जज कायम डॉक्टर. आणि मी ‘आरोपी हाजीर हो’ ओरडायला, म्हणून माझं नाव भोंगा. इतकी वर्षं मी नुसती ओरडले. नियम दोन, दोन्ही डॉक्टरने केलेले: आरोपीने खरं बोलायचं, आणि शिक्षेला अपील नाही.

मी एकदा वकीलबाईला तिच्या पाठीमागे चोंबडी म्हणाले, तर त्याने शिक्षा दिली — आठवडाभर भोंग्याशी कोणी बोलायचं नाही. मी तेव्हा हसत होते. घरी जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

लंबू म्हणाला, ‘या वेळी भोंग्याला जज करू.’ वकीलबाई चक्क हो म्हणाली. मला इतका आनंद झाला की सगळ्यांच्या चहाचे पैसे मीच दिले.

१४ डिसेंबर, शनिवार. धरणाच्या रस्त्यावर, ढाब्यावर बसून लिहितेय

सगळं नीट लिहून ठेवते.

गेटवर एका मुलाला डॉक्टरचा फोटो दाखवला. तो म्हणाला, ‘हा? याला काढला ना. दोनदा बसला, दोन्ही वेळा आपटला.’ मग लंबूने डॉक्टरला फोन लावला, आलोय म्हणाला. तर पठ्ठ्या म्हणतो, ‘लेक्चरला बसलोय रे, तासाभरात येतो.’

आणि आला! हातावर पांढरा एप्रन टाकून. वकीलबाई पुटपुटली, ‘कोणी काही बोलायचं नाही.’ आम्ही त्याला मागे मधे बसवलं, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी.

‘आज काय शिकवलं?’ तिने गोड आवाजात विचारलं.

‘लिव्हर.’

लंबू पुढून म्हणाला, ‘मला इकडे उजवीकडे दुखतं रे, बघ ना जरा.’ डॉक्टर वाकला, दोन बोटांनी दाबलं. ‘इथे? जेवल्यावर वाढतं?’ इतकं मनापासून विचारलं! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं हसून. तोही हसला, कशाला ते न कळता.

मग लंबूच ओरडला, ‘आरोपी हाजीर हो!’ आणि वकीलबाईने गेटवरचं सांगून टाकलं.

डॉक्टर बराच वेळ एप्रनची घडी घालत होता. तो एप्रन चष्म्याच्या दुकानातला निघाला. हॉस्पिटलसमोरच्या. तिथे तो काचा बसवतो. घरी कोणालाच माहीत नाही. ‘पुढच्या आठवड्यात जातोय,’ म्हणाला. ‘बाबांसमोर बसून सांगणार आहे. काय बोलायचं ते पाठसुद्धा केलंय. तेवढं थांबा.’

दोघांनी माझ्याकडे बघितलं. जज मी होते ना.

मी म्हणाले, ‘आत्ता फोन करायचा. स्पीकरवर.’

‘भोंग्या, प्लीज.’

‘अपील नाही.’

लंबूने गाडी बाजूला घेतली. वकीलबाई म्हणाली, ‘तू करतोस की मी करू? नंबर आहे माझ्याकडे.’ तेव्हा त्याने लावला.

‘बोला डॉक्टर,’ बाबा म्हणाले.

पाठ केलेलं पहिल्या दोन वाक्यांतच विसरला. कसंबसं सांगितलं. बाबा मधे मधे ‘हं’ म्हणत होते. मग म्हणाले, ‘आवाज लांबून येतोय. स्पीकरवर आहे का?’

‘हो.’

‘कोण कोण आहे?’

त्याने आमची तिघांची नावं सांगितली.

‘बरं,’ म्हणाले. फोन कट.

लंबू म्हणाला, ‘सुटलास की रे, हलकं वाटतंय ना?’ तर म्हणे मला इथेच उतरवा. आम्ही धरणावर चल म्हटलं, दोनदा म्हटलं. त्याचा एप्रन माझ्याखाली दबला होता, तो ओढून घेतला आणि उतरला. आरशात बघत होते — उलट्या दिशेने चालत होता. लंबू म्हणाला, मिळेल त्याला बस.

१५ डिसेंबर

धरण मस्त. फोटो भारी आलेत. कोणीतरी सांगायला लावायलाच हवं होतं, नाहीतर किती वर्षं खोटं बोलत बसला असता. वकीलबाई म्हणाली, ‘तू जन्मजात जज आहेस.’ दिवसभर हवेत होते.

त्याला तीन मेसेज टाकले. बघितलेत त्याने.

१६ डिसेंबर

डॉक्टरने ग्रुप सोडला. लंबूने लिहिलं, ‘नाटकी.’ मी हसरा चेहरा टाकला. नंतर काढून टाकला.

१८ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरच्या आईचा फोन. रडत नव्हत्या. ‘यांना ऑगस्टपासून माहीत होतं गं,’ म्हणाल्या. ‘त्याला टेबलफॅन द्यायला हॉस्टेलवर गेले होते, तिथे वॉर्डनने सांगितलं. त्याला न भेटता फॅन घेऊन तसेच परत आले. मला म्हणाले, एक अक्षर काढू नकोस, पोरगा स्वतः येऊन सांगेल, तेव्हा त्याला जवळ घ्यायचं. आता म्हणतात, मला सांगायला त्याला परक्या पोरांची सोबत लागली. शनिवारीच फोन करून सांगितलं त्याला, घरी येऊ नकोस. कालपासून त्याचा फोन लागत नाहीये. तुमच्याकडेच आहे ना तो?’

मी हो म्हणाले.