'घोडेस्वारी येते' असं लिहिल्याचे परिणाम

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. हा नमस्कार आजवर प्रत्येक पत्रात तुला घातला, पण खुर्चीत बसून. आज पहिल्यांदाच तो खरा आहे. मी पलंगावर पालथा पडलो आहे, हनुवटीखाली उशी आहे, कागद जमिनीवर आहे, आणि वरून हात लोंबकळत सोडून हे लिहितो आहे. तेव्हा अक्षर पाहून घाबरू नकोस. आजार काही नाही, फक्त बसता येत नाही. उभं राहता येतं, झोपता येतं, या दोहोंच्या मधली जी अवस्था आहे तिच्याशी सध्या माझं बिनसलं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा रक्तदाब गोळ्यांना दाद देतो की त्यांच्यासारखाच हट्टाला पेटला आहे? आणि आईच्या डोळ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते तू मागच्या पत्रात एका ओळीत उरकलंस. तू एका ओळीत उरकतेस तेव्हा बातमी चांगली नसते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तर झालं असं. बावीस वर्षांपूर्वी मी चांगली नोकरी सोडून नट व्हायला निघालो (आणि तू महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस) तेव्हा नटांना कामं मिळवून देणाऱ्या एका बाईंच्या ऑफिसात मी एक फॉर्म भरला होता. त्यात 'आणखी काय येतं' असा रकाना होता आणि पुढे चौकोन होते. पोहणं, नाच, तलवारबाजी, घोडेस्वारी. आमच्या धंद्यात अशा चौकोनांवर खूण करायची असते, आणि सगळ्यांवर करायची असते. विमान चालवणं असतं तर त्याच्यावरही केली असती. पोहण्याचा प्रश्न पुढे कधी आला नाही, कारण पाण्याजवळचं एकच काम मिळालं आणि ते बुडालेल्या माणसाचं होतं. मी तो फॉर्म विसरून गेलो. फॉर्म मला विसरला नाही. दोन महिन्यांपूर्वी एका दिग्दर्शकाच्या सहायकाचा फोन आला, घोडेस्वारी येते ना सर, आणि माझ्या तोंडून 'लहानपणापासून' असं निघून गेलं. (लहानपणी मी तुझी सायकल शेजारच्यांच्या वाळत टाकलेल्या चादरींत नेऊन घातली होती. ती गोष्ट तुझ्यामाझ्यातच राहू दे.)

काम दूताचं आहे. जुन्या काळचा राजा तंबूबाहेर बसला आहे, दूरच्या वळणावरून दूत दौडत येतो, राजासमोर थांबतो आणि म्हणतो, "महाराज, पूल पडला." संपलं. तू म्हणशील, यासाठी एवढा खटाटोप? पण ताई, त्या वळणापासून राजापर्यंत पडद्यावर मी एकटा आहे. चांगले चाळीस सेकंद. आजवर मी लग्नातला पाहुणा झालो, वाढपी झालो, मोर्च्यातला मागून तिसरा झालो, दोनदा प्रेत झालो, आणि दर वेळी आई टीव्हीला नाक लावून विचारते, "यात कुठला तू?" तू बोट दाखवेपर्यंत मी गेलेला असतो. आता तर तिला चेहरेच ओळखू येत नाहीत म्हणतेस. पण मोकळ्या माळावरून पांढऱ्या घोड्यावर एकटा माणूस येतोय, हे तर तिला दिसेल? मी हे काम घेतलं ते एवढ्यासाठी. एकदा तरी तिला कुणाला विचारायला लागू नये.

मग मी गुपचूप घोडेस्वारीच्या शाळेत नाव घातलं. आमच्या हिला सांगितलं की सकाळी फिरायला जातो. (फिरून आलेला माणूस कमानीसारखे पाय करून जिना का चढतो, हे तिनं चार दिवस विचारलं नाही. पाचव्या दिवशी न बोलता तेलाची बाटली पुढ्यात ठेवली.) शाळेच्या मास्तरीणबाई तुझ्या लेकीच्या वयाच्या आहेत, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, आणि मला काका म्हणतात. त्यांचा पहिला धडा असा की टाचा खाली आणि नजर वर. माझं सगळं आयुष्य नजर खाली आणि टाचा वर असं, इतरांच्या मागे उभं राहून डोकावण्यात गेलेलं. त्यामुळे घोड्यावर चढताच मी जुन्या सवयीवर जायचो आणि त्या मैदानाच्या मधोमध उभ्या राहून ओरडायच्या, "काका, टाचा! काका, नजर! काका, श्वास घ्या, घोडा काही खात नाही तुम्हाला!"

घोड्याचं टोपणनाव रावसाहेब. रंगानं पांढरा, वयानं प्रौढ, आणि सिनेमात माझ्यापेक्षा ज्येष्ठ. त्याची अकरा चित्रपटांत कामं झालेली आहेत आणि सगळ्यांत तो स्पष्ट दिसतो. पहिल्या दिवशी मी स्टुलावर चढून त्याच्या पाठीवर एक पाय टाकला आणि तिथेच विचार करत थांबलो, तेव्हा त्यानं मान वळवून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी स्टुलावरूनच माफी मागितली. दुसऱ्या आठवड्यात त्यानं मला दोनदा भुशाच्या ढिगात उतरवलं. पाडलं म्हणणार नाही, कारण त्यात राग नव्हता.

आणि तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. मला घोडा यायला लागला! मैदानाच्या टोकाला उभा राहायचो, मनाचा हिय्या करायचो, की रावसाहेब निघाले. दुडक्या चालीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कुंपणापाशी आले की जागच्या जागी उभे. मला वाटायचं, ही माझ्या मांड्यांची पकड. हिला सगळं सांगून टाकलं, आरशासमोर उभं राहून दाखवलंसुद्धा. मास्तरीणबाई मात्र दोन दिवस कपाळाला आठ्या घालून बघत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काका, आता एकदा तोंड मिटून चालवा बरं."

मी तोंड मिटलं. रावसाहेब हलले नाहीत. मी पायांनी सांगितलं, लगामानं सांगितलं, शेवटी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. ते कुंपणावरचा वेल खात राहिले. तेव्हा उलगडा झाला. धीर यावा म्हणून मी निघताना पुटपुटायचो, 'ॲक्शन'. आणि पोचलो, जिवंत आहोत, या आनंदात सुस्कारा टाकून म्हणायचो, 'कट'. (बावीस वर्षांची सवय. मी दाढीसुद्धा अशीच करतो.) रावसाहेब अकरा चित्रपट याच दोन शब्दांवर जगलेले. बाकी पाठीवर कोण बसलंय, मांड्या कशा आहेत, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

मी आधी खजील झालो आणि मग खूश. कारण शूटिंगला हाच घोडा जाणार होता, आणि शूटिंगच्या जागी हेच दोन शब्द कुणीतरी दुसरा मोठ्यानं ओरडतो! पण हे दिग्दर्शक निराळे निघाले. शांत माणूस. आरडाओरड्यानं वातावरण बिघडतं म्हणतात आणि नुसता रुमाल हलवतात. काल तालमीला आम्ही माळावर गेलो. वळणावरून रुमाल दिसला, तिथे माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं, तेव्हा मी 'ॲक्शन' म्हणून घेतलं आणि रावसाहेब सुटले. ताई, काय सुटले! टाचा खाली, नजर वर, मला आईच दिसत होती. मग राजा दिसायला लागला. मग राजा फार जवळ दिसायला लागला. रुमाल खाली आला होता, पण रावसाहेबांना रुमालाची भाषा येत नाही. राजाची खुर्ची गेली, जेवणाचा मांडव गेला, आम्ही रंगभूषेच्या गाडीला वळसा घालून परत आलो. दुसऱ्यांदाही तेच.

तिसऱ्यांदा मी ठरवलं, होऊ दे काय व्हायचं ते. राजासमोर आलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "कट!" रावसाहेब खिळल्यासारखे उभे राहिले. एवढंच नाही, सगळंच उभं राहिलं. कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद केला, आवाजवाल्यानं कानावरचं काढलं, राजानं मुकुट उतरवून डोकं खाजवलं आणि चहा मागितला. त्या शांततेत मी माझं वाक्य म्हटलं. इतकं छान मी आयुष्यात काही म्हटलेलं नाही, आणि ते कुठेही उतरलेलं नाही. दिग्दर्शक हळू आवाजात एवढंच म्हणाले की कट कोणी म्हणायचं हे आमच्याकडे ठरलेलं असतं. गुरुवारी एक शेवटची संधी. नाही जमलं तर दूत पायी येईल, आणि तो मी नसेन.

आज सोमवार. मास्तरीणबाई म्हणतात, रावसाहेबांना शब्द लागतोच असं नाही. श्वास पूर्ण सोडून खोगिरावर जड बसलं की घोड्याला कळतं. "तुम्ही श्वासच सोडत नाही काका. थांबायचंय हे तुम्ही त्याला सांगतच नाही." खरं आहे. फॉर्मवर खूण केली तेव्हापासून मी श्वास धरून बसलो आहे. तीन दिवसांत सोडायला शिकायचा, तोही ज्या जागेवर बसता येत नाही त्या जागेवर बसून. तुझ्याकडे काही मागणं नाही, बरं वाटावं म्हणून लिहिलं. आईला माझा नमस्कार, भाऊजींना सप्रेम. लोभ आहेच, तो या बातमीनंतरही टिकावा.

तुझा धाकटा,
आडवा

ता. क. : आईला यातलं काही सांगू नकोस.

ता. क. २ : पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर होतं आणि तिथे हात पोचत नव्हता, म्हणून पत्र पडून राहिलं. आज शुक्रवार. काल जमलं. राजासमोर आलो, होता नव्हता तेवढा श्वास सोडला, आणि रावसाहेब थांबले. कुणी काही म्हटलं नाही. मी वाक्य म्हटलं. दिग्दर्शकांनी रुमालानं डोळे पुसले. (धूळ फार होती, पण मी तसं समजत नाही.)

ता. क. ३ : संध्याकाळी सहायकानं शॉट दाखवला. दिग्दर्शकांना सूर्य पाठीमागे हवा होता, त्यामुळे मी नखशिखांत काळा दिसतो. नाक नाही, डोळे नाहीत, घोड्यावर एक बाहुलं. श्वास सगळा सोडल्यामुळे वाक्य धापा टाकत आलं, तेव्हा आवाजही दुसऱ्या कुणाचा घालणार आहेत. म्हणजे पडद्यावर मी आईला ओळखू येणार नाही, आणि डोळे चांगले असलेल्या कुणालाही येणार नाही. रावसाहेब मात्र उत्तम आले आहेत. त्यांना आणखी तीन प्रसंग दिले आहेत.

ता. क. ४ : चित्रपट यायला वर्ष लागेल. तुझ्या त्या एका ओळीचा अर्थ मला कळतो ताई. आईच्या डोळ्यांकडे तेवढा वेळ नाही. वर मागणं काही नाही असं लिहिलंय ते खोडलं असं समज. पुढच्या रविवारी सकाळी तिला घेऊन ये. मास्तरीणबाईंनी मैदान मोकळं ठेवायचं कबूल केलंय, सूर्य तिच्या पाठीमागे राहील असं बघून कुंपणाशी खुर्ची मांडून ठेवतो. ती विचारेलच, यात कुठला तू. तू बोट दाखवू नकोस. मी तिच्यासमोर येऊन थांबेन.