अप्पांनी लावलेलं दार

११ सप्टेंबर २०२४
तिसरा दिवस. अप्पांच्या पोटात चमचाभर पेज नाही. वाटी तोंडाशी नेली की एकच – "अक्का आत आली का?" आली म्हटलं की दाराकडं बघतात. "मग दिसंना का?" चौऱ्याण्णवाव्या वर्षी माझ्या वडिलांना बहीण आठवते, भूक तेवढी आठवत नाही!

१२ सप्टेंबर
थोरल्या भावानं, रुद्रेशदादानं, सलाईन लावायला माणूस आणला. अप्पांनी सुई उपटून टाकली.
सतराला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. गावच्या किल्ल्याच्या इतिहासाची पुस्तिका मीच लिहिलीय – निवृत्त मास्तरीण, दुसरा उद्योग काय! त्यात ठळक ओळ: 'अठ्ठेचाळीस साली सोलापूरकडून फौज आली. हद्दीवरचे निजामाचे शिपाई किल्ला टाकून पळाले. रझाकारांच्या धास्तीनं गाव आत शिरलं. अठरा वर्षांच्या पंचाक्षरींनी किल्ल्याचं दार लावून धरलं, म्हणून गाव वाचलं.' दरसाल अप्पांना शाल, नारळ. दरसाल अप्पा मान खाली घालून बसायचे. मला वाटायचं, केवढा विनय!

१३ सप्टेंबर
आज बोलले. आढ्याकडं बघत.
"वासरू सोडाया म्हनून अक्का घरी गेली. मागनं दार वाजलं. 'पंचू, उघड, म्या हाय.' समदे म्हनले, डाव असंल, उघडू नको. म्या आवाज वळखला व्हता. वळखला व्हता! सकाळी उघडलं तर उंबऱ्यापाशीच पडलेली."
त्यांनी हात पुढं केला. मी धरला नाही. का धरला नाही?
आमच्या घराला कडी आहे, पण लावायची नाही. परगावी जातानाही नाही. लोक म्हणायचे, पंचाक्षरी कुणाच्या बापाला भीत नाहीत. आम्हीही फुशारकी मारायचो.

१४ सप्टेंबर
पुस्तिका छापून आली. गठ्ठा सोडलासुद्धा नाही.

१५ सप्टेंबर
अप्पांचे ओठ फुटलेत. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस. महादेवा, असे उपाशी, वाट बघत नेऊ नकोस रे!
एक सुचतंय. लाज वाटते. मेलेल्या बाईचं सोंग घ्यायचं?

१६ सप्टेंबर
घेतलं. दुपारी मी बाहेर गेले, दार ओढलं, वाजवलं. "पंचू, उघड, म्या हाय."
अप्पा भिंत धरत, पडत-झडत आले! स्वतः दार उघडलं. माझ्या तोंडावरून हात फिरवला. "लई येळ केलीस, अक्का. वासरू?"
"सुटलं."
मला आत ओढलं अन् कडी लावली. गंजलेली, सरकेना – तरी लावलीच. मग वाटीभर पेज प्यायले. मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

१७ सप्टेंबर
पहाटे झोपेतच गेले. त्यांना झेंडावंदनाला न्यायला लोक आलेत, दार वाजवतायत. "शिवरंजनीताई, उघडा!"
कडी अजून अप्पांनी लावलेलीच आहे. माझा हात उचलत नाही.