गिरणीचा आवाज

अण्णा,

तुमच्या अन् आईच्या पाया पडते. बंगळूरला मी बरी हाय, जेवण बराबर मिळतं. आईचा गुडघा कसा हाय?

तुम्ही माझं काम विचारलं होतं. मेमरी चिप कवा किती वीज ओढते ते मोजून चोर आतली माहिती ओळखतो, जसं तुम्ही मोटारीच्या आवाजावरून ज्वारी का बाजरी ते ओळखता. मंग आम्ही चिपला मधीमधी खोटं काम करायला लावतो, म्हंजी चोर फसतो.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, गर्दी लई हाय, गहू दळून राह्यलो. मागं गिरणी रिकामी फिरत होती.

जाफराबादला आता सगळे पाकिटाचं पीठ नेतात का? माझ्यासाठी दगड झिजवू नका. पुढच्या वेळी मोटार बंद करून बोला.

तुमच्याच गिरणीत कान तयार झालेली,
शिवकन्या