मागच्या विहिरीचं पाणी

गोंदिया, २४ मे २०२५

चि. लीलाधर यास ताईचे आशीर्वाद.

तुझं रायपूरचं पार्सल मिळालं. साडी एक, घरविक्रीचं संमतीपत्र एक. साडीवर नऊशेची चिठ्ठी तशीच होती, एवढी कशाला? पार्सलवाल्याने वर वीस रुपये मागितले, दिले नाहीत. संमतीपत्र देवाजवळ ठेवलं आहे. सही केली नाही. फोनवर तू "पुरे ताई" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते.

काल एकादशी. हिमांशू सेठ बाबांचं घर पाहायला आले. पुढच्या बंद खोल्या दाखवल्या, मग मागे दुर्पताबाईकडे गेलो. बाबांनी तिच्या बौद्ध कुटुंबाला मागच्या खोल्या भाड्याने दिल्या, आणि त्याच दिवसापासून आईने मागच्या विहिरीचं पाणी घरात आणणं सोडलं. काऊन, ते तुला सांगायला नको. मीही तिकडे कधी गेले नाही.

सेठ म्हणाले, "ये कुआँ तो पाट देंगे, पार्किंग निकल आएगी."

दुर्पताबाई तांदूळ पाखडत होती. "पाहून तं घ्या सेठजी. बुजवाचं मंग पाहू." तिने भिंतीवरचा आरसा काढला, काठावर उभी राहून ऊन पकडलं आणि विहिरीत सोडलं.

लीलाधर, कसं लिहू. तो कवडसा दगडांवरून घसरत खाली गेला आणि पाण्यातून थेट तळाला लागला. मधे पाणी आहे असं वाटेच ना. तळाला पांढरी वाळू, आणि झरे तिला खालून उचलून राहिले होते. भात शिजताना हलतो तसं, पण आवाज नाही. बाहेर नळाला दिवसाआड धार, बोअर कोरड्या, आणि आपल्या घरात हे सारखं चालूच होतं, आपण पाहिलं नाही तरी. न विचारता देवाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं झालं मला. सेठजींनी बूट काढले. कोणी सांगितलं नव्हतं.

"इतकी साफ कशी ठेवली?" मी विचारलं.

"दरसाल गाळ काढतो ना आमी. आमचे हे होते तवा ते उतरत, आता लेक उतरते, पिंकी. पाणी तं तुमच्या बाबाचंच व्हय." तिने लोटा भरला, पण पुढे केला नाही. "तुमचा उपास असन."

"पाण्याने मोडत नाही," मी म्हणाले आणि लोटा पूर्ण प्याले. गोड आहे रे.

आता तुला आवडणार नाही ते. भाडं घेऊ नको, थकू दे, मग कोर्टातून खोल्या खाली करू, असं तू सांगितलं होतंस. दुर्पताबाई भाडं घेऊन तीनदा आली, मी दार उघडलं नाही. काल तिथेच, सेठजींच्या समोर, तिने रुमालात बांधून ठेवलेलं सगळं भाडं मी घेतलं आणि पावती लिहून दिली. आता तिच्याकडे काही थकलेलं नाही.

सेठ म्हणाले, "किराएदार के साथ लूँगा तो भाव गिरेगा बहनजी. पर कुआँ नहीं पाटूँगा."

तुझ्या दुकानाचं कर्ज मला माहीत आहे. जे कमी येईल ते माझ्या वाट्यातून काप. खरेदीखतात मात्र लिहून घे की दुर्पताबाई आहे तिथेच राहील, आणि विहीरही. तसं असेल तर सही करते.

तुला बाटलीभर पाणी पाठवणार होते, पोस्टात घेतलं नाही. हो की नाही, उलट टपाली कळव. 'नाही' असं लिहायचं असेल तर लिहू नको, आधी इथे ये. ऊन असताना ये.

तुझी वाट पाहणारी,
अन्नपूर्णाताई